विजेसाठी लाकूड की दगडी कोळसा: इंधन ठरवण्यापूर्वी

लहान विद्युतप्रकल्पाचे इंधन ठरवताना पहिली तुलना बहुधा टनाच्या भावाची होते, आणि फसगत तिथेच होते. ताज्या तोडीच्या लाकडात जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असते. काट्यावर त्या पाण्याचे पैसे मोजायचे आणि बॉयलरमध्ये ते उडवण्यासाठी लाकडाचीच उष्णता खर्ची घालायची, असा हा दुहेरी तोटा आहे. दोन ओंडके एकमेकांवर आपटले तर वाळलेले खणखणतात आणि ओले बद्द वाजतात. मात्र खरेदीचा करार करताना कानावर विसंबू नये. नमुना 105 अंश सेल्सिअसला, वजन घटायचे थांबेपर्यंत तापवून ओलावा काढावा आणि भाव कोरड्या वजनावरच ठरवावा.

भुसा वाळवून व दाबून केलेल्या लाकडी पेलेटपासून किलोमागे चार हजारांहून थोडी अधिक किलोकॅलरी उष्णता मिळते. चांगल्या आयात कोळशापुढे ती कमी पडते. परंतु आपल्या वीजकेंद्रांत येणारा बराचसा देशी कोळसा 3,500 ते 4,500 किलोकॅलरींचाच असतो आणि त्यात 30 ते 40 टक्के राख निघते. स्वच्छ लाकडात राख एखाद-दुसरा टक्काच असते आणि गंधकही नगण्य असते. त्यामुळे निव्वळ प्रतीवर पाहिले तर देशी कोळशाची बाजू वाटते तितकी भक्कम नाही.

कोळशाची खरी ताकद आहे ती एकाच जागी मिळणाऱ्या प्रचंड साठ्यात. चंद्रपूरचे 2,920 मेगावॅटचे केंद्र कोळसाखाणींच्या पट्ट्यात उभे आहे. लाकडावर त्याच्या छोट्या अंशाएवढा प्रकल्प चालवायचा म्हटले तरी हिशेब कुठे जातो ते पाहावे. 10 मेगावॅटचा संच 25 टक्के कार्यक्षमतेने चालला, तर एका युनिटला साधारण एक किलो वाळलेले लाकूड लागते. पूर्ण भाराने दिवसाला 240 टन, म्हणजे दहा टनी चोवीस ट्रक दररोज दारात आले पाहिजेत. वर्षाची गरज 80,000 टनांच्या आसपास जाते आणि हेक्टरी दरसाल 10 टन असे समाधानकारक उत्पन्न धरले तरी 8,000 हेक्टर लागवड लागते. ती जमीन कोणाची आणि आज तीवर काय उभे आहे, हे प्रकल्प अहवालात आधी शोधावे.

कार्बनचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या प्रमाण आकड्यांनुसार एक गिगाज्यूल उष्णतेमागे लाकडातून 112, कोळशातून सुमारे 95 आणि नैसर्गिक वायूतून 56 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे धुराड्याच्या तोंडाशी लाकूडच सर्वांत वाईट ठरते. कार्बनच्या हिशेबात लाकडाला मिळणारी सूट ही झाड पुन्हा वाढून तो कार्बन शोषून घेईल या गृहीतावर असते, आणि त्या वाढीला काही दशके लागू शकतात. इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या ड्रॅक्स केंद्राने 2013 ते 2018 या काळात सहापैकी चार संच कोळशावरून पेलेटवर आणले. तिथले बरेचसे पेलेट अमेरिकेच्या दक्षिण भागातून समुद्रमार्गे येतात. कागदोपत्री वीज तयार करताना त्यांचे उत्सर्जन शून्य धरले जाते, कारण ते तोड झाली त्या देशाच्या जमिनीच्या खात्यात मोजायचे असते. या पद्धतीवर तिथे वर्षानुवर्षे वाद चालू आहे, आणि माझ्या मते तो रास्त आहे. सॉ मिलचा भुसा, साल, छाटणीच्या फांद्या यांची गोष्ट वेगळी, कारण त्या जाळल्या नाहीत तरी कुजून किंवा उघड्यावर जळून तो कार्बन लवकरच हवेत जाणार असतो.

वायू या सर्वांत स्वच्छ आणि कार्यक्षम आहे. पण आयात वायूच्या भावावर लहान प्रकल्पाचे गणित बसवणे अवघड आहे.

केवळ वीज विकण्यासाठी लाकडाचा प्रकल्प उभारू नये, असे मी म्हणेन. कारखान्याला वाफही लागत असेल आणि टाकाऊ लाकूड 50 किलोमीटरच्या आत बारमाही मिळत असेल, तर मात्र लाकूड कोळशाला सरस ठरते, कारण एरवी वाया जाणारी उष्णता तिथे कामी येते. टंचाईच्या महिन्यांत पराट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडे, मिसळायचा मोह होतो. त्यांच्या राखेतील पोटॅश वितळून बॉयलरच्या नळ्यांवर चिकटते, म्हणून त्या किती मिसळता येतील ते बॉयलर बनवणाऱ्याकडून आधीच लेखी घ्यावे. आणि शेडचा खर्च अंदाजपत्रकात धरावा: कोळसा पावसात भिजला तरी कसाबसा जळतो, पेलेट भिजले की फुगून त्यांचा पुन्हा भुसा होतो.