डायझेपाम: चढते लवकर, उतरते सावकाश

जुनी कोल्हापूरकर मंडळी मेडिकलमध्ये अजून ‘काम्पोज’च मागतात. आतलं औषध डायझेपाम. १९६३ साली रोश कंपनीनं व्हॅलियम नावानं बाजारात आणलेलं. गोळ्या २, ५ आणि १० मिलिग्रॅमच्या. थोड्या दिवसांची घबराट आणि आखडलेला स्नायू, या दोन कामांना गोळी चोख. रोजच्या झोपेसाठी मात्र आमची शिफारस नाही.

रिकाम्या पोटी घेतली तर साधारण सव्वा तासात रक्तातली पातळी शिगेला पोचते. तांबडा-पांढरा चापून घेतली तर त्यालाच अडीच तास लागू शकतात. इथंच लोक फसतात. ‘काहीच फरक नाही’ म्हणत दुसरी गोळी घेतात आणि नंतर दोन्हींची गुंगी एकदम अंगावर येते. निम्मं औषध शरीराबाहेर पडायला एक ते दोन दिवस लागतात. यकृतात त्यापासून बनणारं डेसमिथाइलडायझेपाम तर त्याहून चिवट, त्याला शंभर तासांपर्यंत लागतात. त्यामुळे रोज रात्री एकच गोळी घेतली तरी साठा वाढत जातो आणि सकाळी डोकं जड राहतं. शिरोलीत लेथवर उभं राहणाऱ्यानं किंवा पहाटे उसाचा ट्रॅक्टर काढणाऱ्यानं आपलं काम डॉक्टरांना आधी सांगावं. म्हाताऱ्या माणसांना २ मिलिग्रॅमच्या आसपासच सुरुवात करतात, कारण रात्री लघवीला उठताना तोल गेला की खुबा मोडतो.

पाठ धरलेल्या पैलवानाला आराम पडतो खरा, पण गोळी थेट स्नायूवर काम करत नाही. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या गाबा या रसायनाचा जोर ती वाढवते. स्नायूसोबत सावधपणाही ढिला पडतो, म्हणून तेव्हा कुस्तीच्या हौद्यात उतरू नये.

दारू, ट्रामाडॉल हे वेदनाशामक किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध सोबत गेलं तर श्वास मंदावतो. झोपेत श्वास अडकणाऱ्यांनी आणि मायस्थेनिया ग्रेव्हिस (स्नायू दुबळे पडण्याचा आजार) असणाऱ्यांनी ही गोळी टाळावी. पित्तावर ओमेप्राझोल चालू असेल तर डायझेपाम अंगात आणखी रेंगाळतं.

दोन ते चार आठवड्यांपलीकडे गेलात की सवय लागू लागते. मग एकदम बंद केली तर थरथर, जागरण, क्वचित फिट. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दर एक-दोन आठवड्यांनी साधारण दहावा हिस्सा कमी करत आणतात. सावकाश उतरण्याचा फायदा इथं होतो. याच जातीच्या अल्प्राझोलामपेक्षा हिचा डोस हळूहळू कमी करणं सोपं.

औषध शेड्यूल एच१ मधलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीतलं. दुकानदारानं चिठ्ठी पाहून डॉक्टर, रुग्ण आणि गोळ्यांची संख्या वेगळ्या वहीत लिहायची, वही तीन वर्षं ठेवायची. चिठ्ठी न मागता दोन गोळ्या कापून देणारं मेडिकल आमच्या मते बाद. तेवढ्या तुकड्यावर एक्स्पायरीची तारीखही बहुधा सापडत नाही.

कुणी जास्त गोळ्या घेतल्या असतील तर झोपू देऊन वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय गाठा, गोळ्यांची रिकामी स्ट्रिप सोबत न्या आणि दारू घेतली होती का ते सांगा. फ्लुमाझेनिल हा उतारा आहे, पण रोज गोळी घेणाऱ्याला त्यानं फिट येऊ शकते, म्हणून सवय असेल तर तीही लपवू नका.