बॉक्सस्टर ९८६: कूलंटचा दिवा लुकलुकत असताना घेतलेली गाडी, काही महिन्यांच्या वापरानंतर

जुनी पोर्शे बॉक्सस्टर घ्यायची म्हटलं की ओळखीतला प्रत्येक जण आधी आयएमएस बेअरिंगचं (इंजिनातलं एक बेअरिंग, जे गेलं की इंजिनच जाऊ शकतं) नाव काढतो. त्यावर भरपूर लिहून झालंय. मला लिहायचंय ते कूलंटबद्दल, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याबद्दल. मी घेतलेल्या गाडीत टेस्ट ड्राइव्हच्या वेळीच तापमानाच्या काट्याखालचा दिवा लुकलुकत होता, आणि तरीही मी ती घेतली. उन्हाळा, हिवाळा, मोटरवे, शहरातली गर्दी असं सगळं आता काढून झालंय, म्हणून हा अनुभव.

मी इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीजवळ राहते. गाडी २००१ची, २.७ लिटर, पाच गिअरची मॅन्युअल. चॅसी नंबरमध्ये अकराव्या जागी U आहे, म्हणजे ही श्टुटगार्टची नाही, फिनलंडमधल्या उसिकाउपुंकी इथल्या कारखान्यात बनलेली. दर्जात काही फरक नाही, विकणारे मात्र यावर उगाच बोलतात.

आधी दिव्याचं. ९८६ मध्ये (बॉक्सस्टरच्या पहिल्या पिढीचा हा कंपनीचा क्रमांक) हा एकच दिवा तीन वेगळ्या गोष्टी सांगतो आणि मॅन्युअलमध्ये ते स्पष्ट दिलंय. सलग लागला तर पाणी फार तापलंय. सावकाश लुकलुकला तर टाकीतली पातळी कमी आहे. भराभर लुकलुकला तर इंजिनच्या कप्प्यातला पंखा बंद पडलाय. त्यामुळे "कूलंटचा दिवा येतो" एवढंच कोणी सांगितलं तर पहिला प्रश्न हाच विचारायचा: कसा येतो? या गाडीत तो सावकाश लुकलुकायचा, तोही वळणावर किंवा ब्रेक दाबल्यावर, आणि सरळ रस्त्यावर पुन्हा विझायचा. पातळी किमान रेषेच्या आसपास असली की वळणावर पाणी एका बाजूला जातं आणि सेन्सरला ते कमी वाटतं. विकणाऱ्याचं उत्तर होतं, "सेन्सर खराब आहे, या सगळ्या गाड्यांना होतं." सेन्सर खराब असूही शकतो. पण तुटलेलं झाकण, चिरलेली टाकी, गळणारा पंप आणि तडा गेलेलं सिलिंडर हेड या चौघांचाही दिवा अगदी असाच लागतो. एकाचा खर्च तीसेक पौंड, दुसऱ्याचा गाडीच्या किमतीएवढा. म्हणून माझं ठाम मत आहे की दिवा बघून पळूही नये आणि दिव्याच्या नावाखाली नुसती किंमत पाडूनही घेऊ नये. आधी कारण शोधायचं, मग भाव करायचा.

या गाडीची रचना माहीत असली की शोध सोपा होतो. इंजिन सीटच्या मागे आणि रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत. मधे गाडीच्या पोटाखालून लांबलचक पाइप. त्यामुळे हिच्यात १५ लिटरहून जास्त कूलंट मावतं. थोडं कमी झालं तरी काटा लगेच हलत नाही, आणि हाच धोका आहे: काटा मधोमध ८० वर दिसतो म्हणून सगळं ठीक आहे असं नाही. टाकी मागच्या डिकीत आहे, पारदर्शक, रेषा आखलेली. टॉर्च मारून बघायची.

विकणाऱ्याला मी आदल्या दिवशीच सांगितलं होतं की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोहोचल्यावर आधी इंजिनच्या कप्प्यावर हात ठेवला. गाडी थंडगार होती. थंड इंजिनावरच पातळी खरी कळते, आणि झाकणही तेव्हाच उघडायचं. गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी अंगावर येतं.

सोबत माझा नाशिकचा मित्र होता, तो इथे एका गॅरेजमध्ये काम करतो. त्याने हातपंपाचा प्रेशर टेस्टर आणला होता. टाकीचं झाकण काढून त्या जागी टेस्टर बसवायचा आणि झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरायची. मग थांबायचं. आमचा चहा पिऊन झाला, कागदपत्रं बघून झाली, टेस्टरचा काटा जागचा हलला नव्हता. विकणारा खूश. "बघा, काही गळत नाही." मित्र मला मराठीत म्हणाला, "अगं थांब, यात झाकण कुठे तपासलं गेलंय?"

मुद्दा बिनतोड होता. टेस्टर झाकणाच्या जागीच बसतो, म्हणजे उरलेली सगळी सिस्टिम तपासली जाते, फक्त झाकण सुटतं. झाकणासाठी वेगळा अ‍ॅडॉप्टर असतो. त्यावर लावून पंप केला तर काटा वर जायचा आणि बोट काढताच खाली. रबराची कड कडक झाली होती, आणि टाकीच्या तोंडाभोवती वाळलेल्या कूलंटची पांढरट खपली होती, नखाने निघेल अशी. झाकण दाब धरत नव्हतं, त्यामुळे गाडी तापली की वाफ थोडी थोडी बाहेर जायची आणि पातळी महिनोन्‌महिने हळूहळू उतरत आली होती. झाकणावरच्या पार्ट नंबरचा शेवट ०१ होता. कंपनीने ते पुढे सुधारलं, ०४ पर्यंत. जुन्या आकड्याचं झाकण दिसलं तर ते बहुधा कधीच बदललेलं नाही असं समजायचं.

दाब न धरणारं झाकण ही नुसती पातळीची गोष्ट नाही. निम्मं पाणी, निम्मं ग्लायकोल असं मिश्रण साध्या दाबाला १०६ अंशांच्या आसपास उकळतं. बंद सिस्टिममधला दाब तो आकडा बराच वर नेतो. झाकण गेलं की ती सगळी ढील जाते.

झाकण सापडलं म्हणून आम्ही तिथे थांबलो नाही, कारण एका गाडीत दोन कारणं असू शकतात. इंजिन गरम करून टाकीच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरली. सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर तो द्रव पिवळा पडतो. निळाच राहिला. टाकीत तेलाचा तवंग नव्हता. ऑइल भरायच्या नळीत मात्र थोडा पिवळसर फेस होता आणि ते बघून पुष्कळ लोक घाबरतात. बॉक्सस्टरमध्ये ही नळी लांब आणि थंड असते, छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तिथे दमट हवेचं पाणी साचतं. तेवढ्यावर निकाल देऊ नये. मी खरेदीनंतर पहिल्याच ऑइल बदलात नमुना प्रयोगशाळेत पाठवला. सोडियम आणि पोटॅशियम वाढलेलं नव्हतं, म्हणजे तेलात कूलंट नाही. मनातली शंका मिटली.

एसी लावून पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत कान दिला. दोन्ही पंखे हळू गतीने फिरायला हवेत. डावा फिरत होता, उजवा गप्प. पंखा हळू फिरवणारा रेझिस्टर गेला होता, या वयात तो जातोच. बंपरच्या तोंडातून टॉर्च मारला तर आत कुजलेली पानं दाटीवाटीने बसलेली. कारपेट कोरडं होतं. ते ओलं असतं तर वास घेऊन बघितला असता: छताच्या पन्हाळ्या तुंबूनही पाणी आत येतं, पण त्याला कूलंटचा गोडसर वास आणि चिकटपणा नसतो.

सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकला की एमओटीचा (इथली गाडीची सक्तीची वार्षिक तपासणी) इतिहास फुकट दिसतो, तो मी आधीच वाचला होता. टायर, ब्रेक, गंज हे त्यात कळतं. कूलिंगला दाब देऊन कोणी तपासत नाही, म्हणून सलग पास असलेली गाडीही या बाबतीत काहीच सिद्ध करत नाही.

झाकण, रेझिस्टर आणि बंपर काढून सफाई, एवढा खर्च किमतीतून वजा करून गाडी घेतली.

आता वापराचं. नवीन झाकण बसवून, कूलंट पूर्ण बदलून भरलं. पुण्यात वरून साधं पाणी टाकायची सवय अनेकांना असते. इथल्या थंडीत ती महागात पडते, आणि गंजरोधकही पातळ होतो. हवा काढणं हे या गाडीतलं खरं चिवट काम. टाकीच्या झाकणाशेजारी छोटा व्हॉल्व्ह आहे, त्याची तारेची कडी उभी करायची, इंजिन चालवायचं, थंड होऊ द्यायचं, पुन्हा भरायचं. पहिल्या काही आठवड्यांत पातळी किंचित उतरली, कारण अडकलेली हवा निघत होती. त्या काळात मी दर रविवारी सकाळी थंड गाडीच्या टाकीचा फोटो काढायचे. नंतर रेषा हलायची थांबली आणि आजपर्यंत हललेली नाही. दिवा पुन्हा लागला नाही, वळणावरही नाही.

काट्यापेक्षा मी ओबीडी रीडरवर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारं छोटं यंत्र) जास्त विश्वास ठेवते. मोटरवेवर तापमानाचा आकडा नव्वदच्या आत-बाहेर, उन्हाळ्यातल्या गर्दीत शंभरी ओलांडतो आणि पंखे लागले की खाली येतो. हे नॉर्मल आहे.

बाकी गाडी चालवायला अप्रतिम. स्टिअरिंग हातात जिवंत वाटतं, ४,००० आरपीएमच्या वर इंजिनाचा आवाज ऐकत राहावासा वाटतो, आणि दोन डिक्यांमुळे दोघांचं आठवडाभराचं सामान सहज जातं. छत उघडून पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगराळ भागात गेलो तेव्हा एकदाही काट्याकडे बघावं लागलं नाही.

एक काम बाकी आहे. वॉटर पंप किती जुना आहे याची नोंद फाइलमध्ये नाही. पुली हलवून बघितली, खेळ नाही, गळतीचा डागही नाही. पण आतल्या प्लास्टिकच्या पात्या तुटल्या तर तुकडे कूलंटच्या वाटांमध्ये अडकतात, म्हणून थर्मोस्टॅटसकट तो उन्हाळ्याआधी बदलून घेणार आहे. पार्ट मागवलेत.