पल्स मोटर की साधा चार्जर?
जुन्या बाजारातून उचललेली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची यूपीएसची बॅटरी दोन्हींवर लावून पाहिली. पल्स मोटर, म्हणजे एका बॅटरीवर फिरत दुसरी चार्ज करू पाहणारं चाक, दिसायला झकास! सायकलच्या चाकाला चुंबकं, शेजारी कॉइल. ट्रान्झिस्टरने प्रवाह तोडला की उसळलेला व्होल्टेज डायोडमधून बॅटरीत. मीटर बघता बघता १३ च्या वर. पण तो वरवरचा फुगवटा. रात्रभर ठेवून २१ वॉटचा बल्ब लावला, तर पंधरा मिनिटांत मान टाकली. चालवणाऱ्या बॅटरीतून गेलं त्याहून कमीच इकडे आलं. बाकीचं कॉइल तापवण्यात आणि वारा घालण्यात.

बुधवार पेठेतले सुटे भाग जोडून केलेला चार्जर कंटाळवाणा. १४.४ व्होल्टपर्यंत नेतो, मग १३.६ वर धरून ठेवतो. बॅटरी त्याच्याच हवाली करावी. चाक मात्र मोडणार नाही. वाड्यातली पोरं बघायला येतात.