अ‍ॅन्सिबल आणि एलडॅप : नऊ महिन्यांचा अनुभव आणि एक चाळीस रुपयांचा सेल

वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या आमच्या कारखान्याचे अकरा सर्व्हर गेले नऊ महिने मी अ‍ॅन्सिबलने, म्हणजे अनेक सर्व्हरची मांडणी एकाच जागेवरून राखणाऱ्या साधनाने, सांभाळतो आहे. पहिले सात महिने भेटेल त्याला मी या साधनाची शिफारस करत होतो आणि जुलैमधल्या एका सकाळी त्यालाच मनातल्या मनात शिव्या घालत होतो. आज दोष वाटून द्यायचा झाला तर चार आणे साधनाला, आठ आणे मला आणि उरलेले चार आणे देखभालीच्या कंत्राटदाराला जातील. प्लेबुक म्हणजे या साधनाला दिलेली पायऱ्यांची लेखी यादी; ती सर्व्हरवर एजंट (वेगळा मदतनीस प्रोग्रॅम) न बसवता केवळ एसएसएचवरून, म्हणजे दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे शिरण्याच्या सोयीवरून चालते, एवढे सांगून पुढे जातो.

आमची सर्व खाती ओपन-एलडॅपच्या डिरेक्टरीत, म्हणजे एका मध्यवर्ती नोंदवहीत आहेत (एलडॅप ही तिला विचारण्याची पद्धत), आणि डेबियन लिनक्सवर चालणारे अकराही सर्व्हर एसएसएसडी या मधल्या सेवेमार्फत तिला विचारतात. डिरेक्टरी मात्र एका जुन्या डेस्कटॉपवर होती, कारण पन्नासेक खात्यांसाठी नवे यंत्र मागणे माझ्याच जिवावर आले होते. रोज रात्री अडीच वाजता प्लेबुक आपोआप चालत असे आणि सकाळी चहाबरोबर मी अहवालाच्या शेवटच्या ओळींतला 'फेल्ड' (फसलेल्या पायऱ्या) हा आकडा शून्य आहे ना, एवढेच पाहत असे.

त्या रात्री पावसात वीज गेली, यूपीएस रिकामा झाला आणि एकच्या सुमारास वीज परतल्यावर सर्व्हर आपोआप सुरू झाले. डिरेक्टरीचे यंत्र तेवढे सुरू झाले नाही. त्याच्या मदरबोर्डवरचा सीमॉसचा सेल संपला होता, त्यामुळे तारीख आणि मांडणी विसरून ते 'पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा' या काळ्या पडद्यावर थांबून राहिले, आणि त्याला कीबोर्डच जोडलेला नव्हता. अडीच वाजता प्लेबुक ठरल्याप्रमाणे चालले. सकाळी अहवाल पाहिला, तर 'फेल्ड' शून्य. मी निश्चिंत होतो, नऊ वाजता गोदामातून काकांचा फोन आला, "दादा, आज एकही चलन छापलेलं नाही, गाड्या फाटकावर उभ्या आहेत."

कंत्राटदाराचा माणूस पावणेअकराला आला. त्याने कीबोर्ड जोडला, एफ-वन दाबले, आणि दहा मिनिटांत डिरेक्टरी उत्तरे देऊ लागली. सेल बदलून द्या म्हटल्यावर त्याने शांतपणे सांगितले, "बॅटरी कॉन्ट्रॅक्टमां नथी आवती, साहेब." सेल 'खपाच्या वस्तूंत' मोडतो, हे त्यांच्या कार्यालयाने फोनवरही बजावले आणि भेटीचे वेगळे बिल पाठवले. सेलची किंमत चाळीस रुपये आहे.

खरा मनस्ताप यानंतरचा. डिरेक्टरी परतली तरी चलने निघेनात. चलने तयार करणाऱ्या कामाला सामायिक फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी नाकारली जात होती. दुपारी अडीचला मी रात्रीचा अहवाल पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला, तेव्हा अकराही सर्व्हरांच्या नावापुढे 'चेंज्ड' (केलेले बदल) या रकान्यात एकाचा आकडा दिसला. एरवी तो शून्य असतो. चलनांचे काम 'वितरण' नावाच्या खात्यावर चालते. हे खाते पूर्वी स्थानिक, म्हणजे प्रत्येक सर्व्हरवर वेगळे होते, मग डिरेक्टरीत गेले, पण 'हे खाते असावे' असे सांगणारी जुनी पायरी मी प्लेबुकातून काढली नव्हती. डिरेक्टरी चालू असेतो खाते सापडायचे आणि पायरी काही न करता पुढे सरकायची. त्या रात्री खाते सापडले नाही, म्हणून अ‍ॅन्सिबलने आज्ञाधारकपणे ते नव्याने तयार केले. डिरेक्टरीत त्याचा यूआयडी, म्हणजे खात्याचा ओळख-क्रमांक, १००४७ आहे; नव्या खात्याला आठ सर्व्हरांवर १००१ आणि तिघांवर १००२ मिळाला. आमच्या साध्या मांडणीत एनएफएस (सामायिक फोल्डर नेटवर्कवरून पुरवणारी व्यवस्था) परवानगी तपासताना नाव पाहत नाही, आकडा पाहतो. शिवाय खाते आधी कुठे शोधायचे ते सांगणाऱ्या एनएसस्विचच्या फाईलमध्ये स्थानिक फाईल आधी आणि एसएसएसडी नंतर असा क्रम असल्याने, डिरेक्टरी परत आल्यावरही तोतया खातेच खरे ठरत राहिले.

या एका मुद्द्यावर मी गरजेपेक्षा जास्त अडून बसलो आहे, हे मला मान्य आहे. खाते शोधून देणाऱ्या 'गेटएंट'ला एखादे खाते विचारा: असे खाते खरोखरच नसेल तर तो २ हा निर्गमन-क्रमांक (काम संपताना दिलेला निकालाचा आकडा) देतो, आणि डिरेक्टरी बंद असून विचारताच आले नाही, तरीही २ च देतो. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत हाच प्रश्न विचारला तर दोन्ही वेळा एकच 'की-एरर' (नाव सापडले नाही, ही त्रुटी) येते, आणि अ‍ॅन्सिबलचे खात्यांचे मॉड्यूल पायथनवरच उभे आहे. 'घरात कोणी नाही' आणि 'दार कोणी उघडले नाही' यांतला फरक पोस्टमनला कळतो, तो इथे पुसला जातो. १९९३ मध्ये सीएफ-एंजिन आले तेव्हापासून या जातीच्या साधनांची भिस्त एकाच गोष्टीवर आहे: आधी सद्यःस्थिती वाचायची आणि फरक असेल तेवढाच मिटवायचा, म्हणजे कितीही वेळा चालवले तरी बिघडत नाही. वाचनच खोटे निघाले तर तीच शिस्त अकरा यंत्रांवर एकसारखी चूक करून ठेवते.

इथपर्यंतचा मजकूर मी घटनेनंतर दोन दिवसांनी, रागाच्या भरात लिहून ठेवला होता. पुढच्या आठवड्यात एक प्रश्न खटकू लागला: एसएसएसडी माहिती डिस्कवर साठवून ठेवते आणि डिरेक्टरीशी संपर्क तुटला की मुदत उलटलेली माहितीही देते, मग 'वितरण' सापडले कसे नाही? उत्तर माझ्याच प्लेबुकच्या दुसऱ्या पायरीत होते. एखाद्याचा गट बदलला की तो सर्व्हरवर दिसायला दीड तास लागायचा, कारण साठ्याची मूळ मुदत ५४०० सेकंदांची असते. त्याला कंटाळून मी साठ्याच्या फाइली रोज रात्री पुसून सेवा पुन्हा सुरू करत होतो, आणि अहवालात रोज बदल दिसू नये म्हणून ती पायरी 'चेंज्ड'मध्ये मोजू नये असेही लिहून ठेवले होते. यासाठी 'एसएसएस-कॅशे' ही आज्ञा आहे. ती नोंदींवर केवळ 'शिळी' असा शिक्का मारते. डिरेक्टरी असेल तर त्या ताज्या होतात, नसेल तर शिळ्याच कामी येतात. मी शिळे अन्न टाकून देण्याच्या नादात कोठारच धुऊन काढत होतो. साधनाच्या वाट्याचे बारा आणे चारवर आले ते त्या संध्याकाळी.

आता प्लेबुकच्या अगदी आरंभी प्रत्येक सर्व्हर स्वतः 'एलडॅप-हूअ‍ॅमआय' ही आज्ञा चालवून डिरेक्टरीला थेट विचारतो, आणि एका जरी सर्व्हरला उत्तर मिळाले नाही तर सगळ्यांचेच काम तिथे थांबते. ६३६ हे डिरेक्टरीचे पोर्ट (नेटवर्कवरचे दार) उघडे आहे का एवढेच पाहणे पुरत नाही, आणि 'गेटएंट'ने तपासले तर साठ्यातले उत्तर मिळून फसगत होते. सुरुवातीला मी ही तपासणी मध्येच घातली होती, तिचाही भुर्दंड पडला: लॉग गोळा करणाऱ्या सेवेची मांडणी बदलली, पुढे तपासणी नापास होऊन काम थांबले, आणि ती सेवा पुन्हा सुरू करणारा हँडलर (काही बदलले तरच शेवटी चालणारी पायरी) चाललाच नाही. दुसऱ्या रात्री फाईल आधीच बदललेली असल्याने हँडलरला कोणी हाक मारली नाही, आणि सेवा सहा दिवस जुन्याच मांडणीवर चालत राहिली. काम मध्येच थांबले तरी हँडलर चालवणारा फोर्स-हँडलर्स हा पर्याय तेव्हापासून चालू आहे. स्थानिक खात्यांची यादी वेगळी काढली आहे आणि त्यातल्या प्रत्येकाचा यूआयडी हाताने लिहिला आहे.

एक सुखद धक्काही नोंदवतो. ऑगस्टमध्ये डिरेक्टरी मी स्वतःच दोन तास बंद ठेवली होती, आणि त्या वेळात एकाही सहकाऱ्याची तक्रार आली नाही. ज्यांनी त्या सर्व्हरवर पूर्वी लॉगिन केले होते, त्या सगळ्यांचे लॉगिन साठ्यातून झाले. पासवर्ड साठवण्याचा पर्याय मुळात बंद असतो, तो चालू करावा लागतो. नव्या कोऱ्या सर्व्हरला या साठ्याचा काहीच उपयोग नाही, म्हणून डिरेक्टरीची दुसरी प्रत लेखा विभागाने टाकून दिलेल्या डेस्कटॉपवर उभी केली आहे आणि एसएसएसडीला दोन्ही पत्ते दिले आहेत. खर्च दोन सेलचा, ऐंशी रुपये. दोन्ही यंत्रांच्या बायॉसमध्ये (यंत्र सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये) 'त्रुटी आली तरी थांबू नये' असेही ठेवले आहे.

अ‍ॅन्सिबल मी सोडणार नाही. मात्र अहवालात आता 'फेल्ड'च्या आधी 'चेंज्ड' पाहतो. भेटीचे बिल अजून दिलेले नाही. कंत्राटाच्या नूतनीकरणाचा कागद आला होता. त्यातल्या समाविष्ट भागांच्या यादीखाली 'सीमॉसचा सेल' असे हाताने लिहून मी तो परत पाठवला आहे.