तेल प्यालेल्या मुठीवर चाक माती: एक पावसाळा काढल्यानंतर

खिडकीची काच बसवायच्या लांबीत, म्हणजे पुट्टीत, घालतात ती पांढरी चाक माती. रंगाच्या दुकानात सुटी मिळते, आणि परदेशी क्लीनरच्या एका बाटलीच्या पैशात पोतंभर येईल. गेल्या उन्हाळ्यापासून जुन्या स्मिथ अँड वेसनच्या अक्रोडी मुठींवर मी तीच वापरतोय. आज लिहायला बसलो ते बेळगावातल्या एका पॉलिशवाल्याशी वाजल्यामुळे. मुठी हातात घेतल्या घेतल्या म्हणाला, "मशीनवर पेपर मारून देतो, लाकूड कुजलंय." कुजलेलं नाही हो, तेल प्यालंय!

वडिलांचं बत्तीस बोरचं रिव्हॉल्व्हर, परवाना आता माझ्या नावावर. निवडणूक आली की हत्यार जमा करायचा हुकूम येतो. 2023 ला विधानसभा, 2024 ला लोकसभा. गंज धरू नये म्हणून वडील जमा करण्याआधी तेलाने न्हाऊ घालायचे. पोलाद वाचलं, पण ते तेल वर्षानुवर्षं मुठीत उतरत गेलं. स्क्रूजवळ आणि खालच्या कडेला, जिथे लाकडाच्या शिरा उघड्या पडतात, तिथे काळं आणि मऊ.

गोळीची अडचण नाही, कानपूरच्या सरकारी कारखान्यातल्या बत्तीस बोर रिव्हॉल्व्हरला लागते तीच याला चालते. मूठ मात्र दुसरी मिळायची नाही. माझ्या मुठीवर स्क्रूच्या भोकाभोवती चौकडीची कोरीव नक्षी सोडून शंकरपाळ्याच्या आकाराचा कोरा तुकडा आहे. कंपनीने 1968 मध्ये तो बंद केला. उजव्या मुठीच्या आतल्या अंगाला हत्याराचा नंबर ठोकलेला आहे. पेपर मारला की आधी चौकडीची टोकं जातात, मग कडा पोलादाच्या खाली बसते. ती भरून काढायला कुठलंच पॉलिश नाही.

कृती सोपी. रिव्हॉल्व्हर रिकामं आहे ना हे दोनदा बघायचं, मुठी सोडवायच्या. चाक माती अॅसिटोनमध्ये दाट कालवून थापायची आणि सुकू द्यायची. अॅसिटोन लाकडात शिरून तेल पातळ करतं, उडताना ते वर आणतं आणि माती ते शोषते. पांढरा लेप भोकाभोवती चहासारखा तपकिरी झाला तेव्हा बरं वाटलं. ब्रशने झाडून पुन्हा लेप. जुनं व्हार्निशही सोबत निघतं, ते धरून चाला. नुसत्या अॅसिटोनच्या बोळ्याला मी फार गुण देणार नाही: वरचं पुसलं जातं, उरलेलं पातळ होऊन परत आत जातं. आणि हे काम उघड्या व्हरांड्यातच, देवघरात दिवा लावलेला असेल तर तिथून लांब.

इथवर लिहायचं असतं तर पूर्ण गुण दिले असते. आषाढात मत बदललं. मुठी कोरड्या ठणठणीत दिसत होत्या, बेलतेलाचा (रंगारी वापरतात त्या उकळलेल्या जवसाच्या तेलाचा) हात दिला होता. खानापूरकडचा पाऊस सुरू झाला, बाकीची मूठ वाळली आणि स्क्रूभोवतीचा भाग चिकटच. बेलतेल हवेत वाळून घट्ट होतं. बंदुकीचं खनिज तेल कधीच वाळत नाही, आणि आत थोडं उरलं तरी बेलतेलालाही वाळू देत नाही. खडे बाजारातल्या ओळखीच्या रंगारी मामांना दाखवलं. ते म्हणाले, "माती बरोबर हाय, ऊन कमी पडलंय. तापल्याबिगर तेल वर येत नाही बघा." दसऱ्यानंतरच्या उन्हात लेपासकट मुठी पत्र्यावर ठेवल्या आणि माती पुन्हा तपकिरी झाली. मामांचं शंभर टक्के खरं. फक्त अक्रोडाची पाकळी भोकापाशी पातळ असते, तेव्हा हात लावून भाजेल इतकी तापवू नका.

आता माझी खरी तक्रार. ही माती चौकडीत जाऊन बसते. प्रत्येक चौकटीच्या तळाशी पांढरी रेघ. दात घासायच्या ब्रशने अर्धी निघते, उरलेली बेलतेल लागलं की राखाडी होऊन कायमची डोळ्यांत खुपते. पितळी ब्रश लावला की नक्षीच बोथट होते. शेवटी बांबूची काडी टोकदार करून एकेक ओळ उकरली. कंपनीच्या गोल पितळी बिल्ल्याच्या कडेलाही तेच. डोळे दुखले, पाठ गेली. या एका गोष्टीसाठी मी सरळ दीड गुण कापतो. लेप नक्षीवर पातळ आणि आतल्या सपाट अंगावर जाड दिला तर हा त्रास निम्मा होतो. तेल तसंही आतूनच जास्त निघतं.

बेलतेलाची चिंधी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेते. पसरून वाळत घाला. प्लॅस्टिकच्या मुठीला अॅसिटोन लावूच नका, विरघळेल.

सध्या मूठ तांबूस तपकिरी आहे, स्क्रूभोवती एक काळी छटा उरलीये ती मी तशीच ठेवणार. तेल आता फक्त पोलादाला, कापडावर एक थेंब घेऊन, आणि पुसून कोरडं करून. पुढच्या वेळी जमा करायचा हुकूम आला तरी तेवढंच.