व्याकरणाची खेळपेटी: फासे झकास, बझर भंगार

सोलापुरात नवी पेठेतल्या शालेय साहित्याच्या दुकानांत आणि ऑनलाइनही इंग्रजी व्याकरणाच्या खेळांच्या पेट्या मिळतात. किंमत साडेसातशे रुपयांच्या आसपास. इथे ज्या पेटीबद्दल लिहिलंय तिच्या कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण गुणदोष या जातीच्या बहुतेक पेट्यांत सारखेच आहेत. आत ३ लाकडी फासे, ४ बझर, १६० छापील पत्ते, २ वाळूची घड्याळं, खोट्या नोटांची गड्डी आणि नियमपुस्तिका. कसोटीसाठी धरलेला वर्ग असा: मराठी माध्यमाची आठवी, पट ५४, तास ३५ मिनिटांचा, डोक्यावर फुल स्पीडचे पंखे.

पंख्यांचा उल्लेख उगाच नाही. पत्ते गुळगुळीत आणि हलके आहेत. सोलापुरात मार्चनंतर पंखा बंद ठेवून तास घेणं शक्य नाही आणि पंखा चालू असला की बाकावर मांडलेलं वाक्य दुसऱ्या टीमच्या पायाशी जातं. शिवाय पत्त्यावरचं अक्षर इतकं बारीक की चार मुलांपलीकडे पाचव्याला वाचता येत नाही. पेटी बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर १५-२० मुलांचा वर्ग होता, हे उघड आहे.

फासे मात्र पैसे वसूल करून देतात. एकावर सर्वनामं, दुसऱ्यावर काळ, तिसऱ्यावर क्रियापदं. तिन्ही एकदम टाकायचे आणि पडेल त्याचं वाक्य करायचं. सहा गुणिले सहा गुणिले सहा, म्हणजे २१६ वाक्यं. सोबत रुपयाचं नाणं उडवा, छापा पडला तर होकारार्थी, काटा पडला तर नकारार्थी. झाली ४३२. नाण्याची ही भर पुस्तिकेत नाही, पण खरा खेळ तिथेच सुरू होतो. 'शी', साधा भूतकाळ, 'गो' आणि काटा असं पडलं की पाट्यांवर 'शी डिडन्ट वेंट' हमखास येतं. मराठीत 'ती गेली नाही' म्हणताना भूतकाळ 'गेली'तच राहतो, 'नाही' नुसतं मागे येऊन बसतं. इंग्रजीत 'डिड' आला की भूतकाळ तो स्वतःकडे घेतो आणि क्रियापदाला मूळ रूपात परत पाठवतो. फळ्यावर 'वेंट'खाली 'डिड अधिक गो' असं फोडून लिहिलं की मुलांना ते दिसतं. नियम पाठ करून घेण्यापेक्षा ही फोड जास्त टिकते.

सर्वनामांच्या फाशात एक चूक आहे, ती वापरण्याआधी दुरुस्त करा. त्यावर 'आय, वुई, यू, ही, शी, दे' आहेत, 'इट' नाहीच. सर्वनामं सात आणि बाजू सहा, म्हणून एक गळलं, पण नेमकं नको ते गळलं. आपल्या मुलांना सगळ्यात जास्त सराव 'इट'चाच लागतो, कारण मराठीत निर्जीव वस्तूलाही लिंग असतं. खुर्ची 'ती', पंखा 'तो', आणि मग खुर्चीला बिनदिक्कत 'शी' म्हटलं जातं. 'वुई'वर कागद चिकटवून 'इट' लिहा. यात दुसराही फायदा आहे. मूळ फाशात क्रियापदाला 'एस' लावायला लावणाऱ्या बाजू दोनच आहेत. बदलानंतर ही, शी, इट एका बाजूला आणि आय, यू, दे दुसऱ्या बाजूला, अगदी निम्मे निम्मे. 'वुई' गेल्याचं फार नुकसान नाही, वर्तमानकाळात तो 'दे'सारखाच वागतो. फक्त 'ॲम, इज, आर'च्या तासाला तो तोंडी घ्या.

तिसऱ्या फाशावर 'स्की' हे क्रियापद आहे. सोलापुरात! त्यावर 'वीव्ह' चिकटवा. वीव्ह, वोव्ह, वोव्हन. ज्यांच्या गल्लीत मागाचा खडखडाट चालू असतो त्यांना अर्थ समजावून सांगावा लागत नाही, तिसरं रूप अनियमित आहे म्हणून सरावाला उत्तम, आणि पुढे कर्मणी प्रयोगाला 'टॉवेल्स आर वोव्हन हिअर' हे वाक्य आयतं मिळतं.

बझर आणि वाळूच्या घड्याळांचं दोन वाक्यांत उरकतो. दोन बझर एकदम दाबले तर दोन्ही वाजतात, आधी कोण हे कळत नाही आणि भांडणात तास जातो. सेल पेटीत येत नाहीत. घड्याळांवर एक मिनिट छापलंय, पण दोन्ही सोबत उलटी केली तर एक आधी रिकामं होतं, तेव्हा मोबाइलचं स्टॉपवॉच लावा.

तसं पाहिलं तर बझर चांगला असता तरी नकोच होता. आधी दाबेल त्याला संधी, या नियमात प्रत्येक टीममधली तीच दोन मुलं खेळतात, बाकीची सात टाळ्या वाजवतात. ५४ च्या पटात सहा टीम केल्या की एकेकीत नऊ जण, मैदानात उतरलेला खो-खोचा संघच म्हणा ना. पण खो-खोत बसलेल्यालाही कधी खो मिळेल याचा नेम नसतो, म्हणून तो सावध असतो. तीच युक्ती इथे लावायची. प्रत्येक टीममध्ये मुलांना १ ते ९ क्रमांक द्या. प्रश्न पडला की दीड मिनिट आपसात कुजबुज. मग सगळ्या टीमनी एकाच वेळी पाटी वर करायची. त्यानंतर डब्यातून क्रमांकाची चिठ्ठी काढायची आणि प्रत्येक टीममधल्या त्या क्रमांकाच्या मुलाने कारण सांगायचं. चिठ्ठी पाटीनंतरच काढा. आधी काढली तर बाकीचे आठ जण सुटले म्हणून समजा.

गुणही बदलावे लागतात. पुस्तिकेत बरोबर वाक्याला १० आणि लवकर उत्तराला वर ५. व्याकरणात घाईला बक्षीस दिलं की मुलं अंदाज मारायला शिकतात. त्याऐवजी वाक्याला १ आणि कारणाला २ ठेवा. हे कारण मराठीत दिलं तरी चालेल, घरच्या तेलुगू-कन्नडमध्ये सांगून शेजाऱ्याने मराठीत केलं तरी चालेल. आरडाओरडा केला तर १ वजा. हा नियम पहिल्याच फेरीत एकदा अंमलात आणला की शेजारच्या वर्गातून निरोप येत नाही. शेवटच्या फेरीला दुप्पट गुण देण्याची पुस्तिकेतली सूचना सरळ सोडून द्या, ती लॉटरी आहे.

आता लिलाव. पेटीतला हा सगळ्यात चांगला कल्पिलेला आणि सगळ्यात वाईट लिहिलेला खेळ. दहा वाक्यं विक्रीला, सहा बरोबर, चार चूक. प्रत्येक टीमकडे २००० रुपये, बोली १०० पासून आणि १०० च्याच पटीत वाढणार. बरोबर वाक्य विकत घेतलं तर शेवटी त्याचे ५०० धरायचे, चुकीचं घेतलं तर शून्य, पण तिथेच दुरुस्त करून कारण दिलं तर २५०. सहा टीमना पेटीतल्या नोटा पुरत नाहीत. हिशेब फळ्याच्या कोपऱ्यात ठेवा, तेवढीच वजाबाकी.

पुस्तिका सांगते, एकेक वाक्य उघडत जा. तसं केलं की पहिल्या तीन वाक्यांवर काही टीमचे सगळे पैसे उडतात आणि नंतर ती मुलं रिकाम्या खिशाने बसून राहतात. म्हणून दहाही वाक्यं आधी फळ्यावर लिहा आणि चार मिनिटं नुसती चर्चा करू द्या. व्याकरणाचं खरं बोलणं याच चार मिनिटांत होतं. दुसरी अडचण शिक्षकाच्या चेहऱ्याची. चुकीचं वाक्य वाचताना आवाज नकळत बदलतो आणि पोरं वाक्य सोडून तोंड वाचतात. त्यामुळे लिलाव पुकारायला उत्तरं माहीत नसलेला मुलगा उभा करा. बाजार समितीत कांद्याचा लिलाव पाहिलेलं एखादं पोर वर्गात असतंच. 'एक वार, दोन वार, तीन वार' त्याच्याइतकं कुणाला जमत नाही.

पेटीतली चुकीची वाक्यं 'मोअर टॉलर' छापाची आहेत, बघताक्षणी ओळखू येतात. ती बाजूला ठेवून मुलांच्या वह्यांतली घ्या. 'आय ॲम लिव्हिंग इन सोलापूर सिन्स टेन इयर्स' हे वाक्य चढ्या भावाने जातं. '२०१५ पासून' आणि 'दहा वर्षांपासून' या दोन्हींना आपल्याकडे एकच 'पासून' पुरतो. इंग्रजी सुरुवातीच्या क्षणाला 'सिन्स' लावते आणि मुदतीला 'फॉर'. कोणतं चुकीचं वाक्य किती रुपयांना गेलं ते टिपून ठेवा. सगळ्यात महाग गेलेली चूक हा पुढच्या तासाचा विषय. आणि घंटा व्हायच्या आत चुकीची वाक्यं फळ्यावरून पुसून दुरुस्त लिहा, नाहीतर शेवटच्या बाकावरची मुलं तीच इमानदारीने उतरवून घेतात.

उभ्या वाक्याचा खेळ पेटीत नाही, असायला हवा होता. जाड चार्ट पेपरचे मोठे तुकडे, प्रत्येकावर एक शब्द, मागच्या भिंतीवरून वाचता येईल एवढं अक्षर. टीममधल्या प्रत्येकाच्या हातात एक शब्द द्यायचा आणि ४० सेकंदांत ओळीने उभं राहून वाक्य करायचं. पहिल्या खेपेला क्रियापदवाला सवयीने शेवटी जाऊन उभा राहतो, कारण मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, सगळ्यांत क्रियापद शेवटीच. मग त्याला कर्त्याशेजारी आणायचं. प्रश्न करायचा झाला की 'इज'वाल्याने कर्त्याला ओलांडून पुढे यायचं. 'व्हॉट यू आर डूइंग' ही चूक अशी पायांनी सुटते.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीतल्या शाळांत याच खेळात एक वेगळी गोष्ट दिसते. पाचही शब्द टेबलावर ठेवून टीमला हवे ते उचलू दिले तर 'माय फादर अ वीव्हर' असं उभं राहतं आणि 'इज' टेबलावर पडून राहतो. तेलुगू आणि कन्नडमध्ये 'माझे वडील विणकर' एवढ्यावर वाक्य पुरं होतं, 'आहे'ची गरज नसते. अशा वेळी चूक सांगू नका. 'एक शब्द उरलाय' एवढंच म्हणा.

उत्तरसूचीवर डोळे झाकून विसंबू नका. 'ही ... हिअर सिन्स २०१५' या गाळलेल्या जागेला तिथे फक्त 'हॅज बीन लिव्हिंग' दिलंय. 'हॅज लिव्ह्ड'ही बरोबर आहे. 'लर्न'चं भूतकाळी रूप 'लर्न्ड' एवढंच मान्य केलंय, 'लर्न्ट' लिहिणाऱ्याचे गुण कापायचं कारण नाही.

वेळेची वाटणी अशी ठेवा: मांडामांड ५ मिनिटं, खेळ २०, उरलेल्या १० मिनिटांत वहीत आठ वाक्यं. दहावीचा लेखी पेपर ८० गुणांचा आहे आणि तिथे टीम सोबत येत नाही. टीम हजेरी क्रमांकाने पाडा आणि तीन आठवड्यांनी मोडा, तीच टीम सारखी हरायला लागली की ती मुलं खेळातून मनाने उठून जातात.

घ्यायची झाली तर शाळेत एकच पेटी पुरे, वर्गागणिक नको. लिलाव आणि उभं वाक्य एवढंच करायचं असेल तर पेटी नकोच. चार चार्ट पेपर, एक मार्कर आणि चिठ्ठ्यांचा डबा बास. फासे सुटे मिळाले नाहीत तरी लहान मुलांच्या लाकडी ठोकळ्यांवर मार्करने लिहून वरून पारदर्शक चिकटपट्टी लावली की काम होतं. ठोकळा मात्र सगळ्या बाजूंनी सारखा आहे ना ते पट्टीने मोजून घ्या, एक बाजू लांब असली की टोकांच्या दोन बाजू क्वचितच पडतात.