भुसावळचा ‘आरोपित नीतिमत्त्व’ अभ्यासवर्ग : एका हिशेबनिसाचा अभिप्राय

भुसावळ येथील एका चर्चच्या सभागृहात झालेल्या पाच संध्याकाळच्या अभ्यासवर्गाला मी पूर्ण हजेरी लावली. शुल्क 150 रुपये होते. त्यात पुस्तिका आणि रोजचा चहा मिळाला. रावेर तालुक्यातील केळीच्या आडतीत किर्द-खतावणी लिहिण्यात माझी 31 वर्षे गेली असल्याने, ख्रिस्ताचे नीतिमत्त्व (देवापुढचा निर्दोषपणा) विश्वासणाऱ्याच्या खाती जमा धरले जाते, हे ‘आरोपित नीतिमत्त्वा’चे वाक्य मला नेहमी खटकत आले होते. कारण एकाची रक्कम दुसऱ्याच्या खाती जमा दाखवणाऱ्या मुनीमाला आमच्याकडे दुसऱ्या दिवशी गादीवर बसू देत नाहीत.

वर्गाचे खरे बळ दुसऱ्या संध्याकाळी दिसले. शिक्षकांनी फळ्यावर मधोमध रेघ ओढून एकीकडे ‘जमा’ व दुसरीकडे ‘नावे’ असे लिहिले आणि बायबलमधील प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्राचा चौथा अध्याय वाचून घेतला. अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि ते त्याला नीतिमत्त्व असे गणले गेले, हे वचन तेथे आहे. मराठीत ‘गणणे’ असे येणारे मूळ ग्रीक क्रियापद ‘लोगिझोमाई’ हिशेबाच्या व्यवहारातही चालणारे असून या एका अध्यायात ते 11 वेळा येते. प्रत्येक वेळी फळ्यावर खडूची एक खूण वाढत गेली. काम करणाऱ्याची मजुरी हे देणे असते, मेहेरबानी नव्हे, असे पौल तेथे म्हणतो. हमालाची हमाली आणि शेतकऱ्याला माफ केलेली उचल मी कधी एका सदरात लिहिली नाही, त्यामुळे हा मुद्दा मला फोडून सांगावा लागला नाही.

माझ्या शंकेचे उत्तर फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रात निघाले. तुझा दास अनेसिम याच्याकडून काही येणे असेल तर ते माझ्या हिशेबी मांड, मी फेडीन, असे पौल स्वहस्ते लिहून देतो. देणारा कबूल आहे आणि रक्कम खरोखर भरली जाते, तेव्हा हवाल्याची नोंद लबाडी ठरत नाही. शिवाय नुसती थकबाकी माफ झाली असती तर खाते शून्यावर थांबले असते. येथे आपले पाप ख्रिस्ताच्या नावे पडते आणि त्याचे नीतिमत्त्व आपल्याकडे जमा होते, हे करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या पाचव्या अध्यायावरून नीट उलगडले.

चौथी संध्याकाळ मात्र निराशाजनक होती. कॅथलिक मत म्हणजे कर्मांनी तारण (पापातून सुटका) विकत घेणे, असे एका वाक्यात सांगून शिक्षक पुढे गेले, तेव्हा माझ्या शेजारच्या कॅथलिक बाईंनी वही मिटून पिशवीत घातली. वस्तुतः कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेच्या 1547 च्या ठरावानुसारही नीतिमान ठरण्याआधीचे कोणतेही कर्म ती कृपा मिळवून देत नाही. वाद आहे तो नीतिमत्त्व केवळ गणले जाते की अंतःकरणात ओतलेही जाते, याचा. अब्राहामाचे तेच वचन घेऊन मनुष्य केवळ विश्वासाने नीतिमान ठरत नाही असे बायबलमधील आपल्या पत्रात लिहिणाऱ्या याकोबाला तर शेवटची दहा मिनिटे मिळाली, आणि तोवर सावदा-रावेरकडचे आम्ही बसच्या घाईने उठलो होतो.

पुस्तिकेत ‘अभ्यारोपण’ (म्हणजे हेच दुसऱ्याच्या खाती धरणे) हा शब्द कोठेही अर्थ न देता वापरला आहे आणि टाइपही फार बारीक आहे. याकोबासाठी एक पूर्ण संध्याकाळ राखून ठेवली, तर पुढच्या वर्गाचे 150 रुपये मी आगाऊ भरीन.